तात्यांचं बर्फाचं मशीन

कॅनडाहून फोन आला की आमच्या शेजारचे सुभेदार तात्या आधी कानटोपी घालतात, मगच फोन उचलतात. रहिमतपुरात मार्चचं ऊन, अंगणात पापड वाळतायत, आणि हे ओट्यावर लोकरीच्या टोपीत. मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "आवं वहिनी, पोरगी तिथं काकडतीया, आन मी हितं उघड्या डोक्यानं बोलू व्हय?"

तात्या फौजेतून निवृत्त झालेले. बर्फाळ सरहद्दीवर ट्रक चालवलेला. तेवढ्यावर जगातला सगळा बर्फ आपल्या हाताखालचा आहे, असं ते समजतात. कुठलीही अडचण सांगा, पहिलं वाक्य ठरलेलं: "आदी रिपोर्ट, मग रडारड." माझं दूध नासलं तेव्हाही त्यांनी रिपोर्ट मागितला होता.

या हिवाळ्यात त्यांच्या लेकीनं, सुनंदानं, तिकडं दारातला बर्फ उडवायचं एक जुनं मशीन विकत घेतलं. समोरचा बर्फ आत ओढायचा आणि वरच्या नळकांड्यातून लांब फेकायचा, एवढंच त्याचं काम. पण ते फेकेना.

"तात्या, सगळा बर्फ पायाशीच पडतोय."

"म्हंजी फेकत न्हाई, नुसतं थुकतंय," तात्यांनी निदान केलं. "रिपोर्ट दे."

तेव्हापासून रोज संध्याकाळी, म्हणजे तिकडच्या सकाळी, व्हिडिओ कॉल. निम्मी गल्ली ओट्यावर. आधी कळलं की शेजाऱ्यांची झोप मोडू नये म्हणून सुनंदा मशीन हळूच चालवते. "रेस दे! लढाईत कुणी कुजबुजतं व्हय?" रेस दिली. बर्फ हातभर पुढे गेला. मग नळकांडं तुंबलं. ती वाकलेली दिसताच तात्या ओरडले, "हात घालू नगंस! आदी मशीन बंद, मग काठी!" समोर भाजी विकणाऱ्या बाईनं दचकून टोपलीतला हात मागे घेतला. ओला बर्फ चिकटतो म्हणून आतून तेल लावायला सांगितलं, तेही शेंगदाण्याचं. बर्फ जरा सुटला. जावई म्हणाले, आता अंगणात भज्यांचा वास येतो.

तरी थुंकणं काही थांबेना. तात्यांचं जेवणात लक्ष लागेना. एक दिवस गिरणीत दळण तसंच टाकून ते धावत घरी आले. गिरणीचा पट्टा घसरत होता. मोटर गरगरत होती आणि पीठ पडत नव्हतं.

"सुनंदे, पट्टा बग! इंजन पळतंय, पण पातं फिरंना झालंय!"

जावयांनी झाकण उघडलं. पट्टा झिजून गुळगुळीत झालेला. नवा घातला, आणि पुढच्या बर्फाला अशी कमान उडाली की थेट कुंपणापलीकडे. ओट्यावर टाळ्या. तात्यांनी गल्लीभर पेढे वाटले.

आणि फोन थांबले.

थांबले म्हणजे काय, काम चटकन उरकायला लागलं, सुनंदा वेळेवर ऑफिसला जायला लागली. पुन्हा पहिल्यासारखा रविवारचा घाईचा फोन, "बरे आहात ना?" तात्यांची बायको, आमच्या काकी, गेल्यापासून त्यांच्या घरात तसाही बोलण्याचा आवाज कमीच. संध्याकाळी ते ओट्यावर बसून मला विचारायचे, "वहिनी, मोबाईलमदी बगा जरा, तिकडं बर्फ पडतोय का?"

"पडतोय की."

"मग बरं हाय. मशीन आता लय भारी चालतंय."

परवा त्यांनी आपणहून फोन लावला. मी वाटीभर आमटी द्यायला गेले होते.

"सुनंदे, मशीनचा आवाज काय बरोबर येत न्हाई बग."

मी डोकावले. सुनंदा घरातच बसली होती. तिच्या मागच्या खिडकीतून मशीन दिसत होतं. ताडपत्रीखाली, बंद.

तिनं मागे वळून ताडपत्रीकडे पाहिलं.

"व्हय तात्या," ती म्हणाली, "मलाबी जरा येगळाच वाटतोय. थांबा, आज सुट्टीच हाय. च्या घेऊन बसते, मग नीट ऐकू."

"घे, घे," तात्या भिंतीला टेकून ऐसपैस बसत म्हणाले. "सावकाश कर. आलं घाल त्यात."