न पेटलेली गंजी

बसा पोरांनो, आणि मध्ये बोलायचं नाही.

एका जंगलात, पार विलायतेकडच्या, हिवाळा आला की असा बर्फ पडे की गवताची काडी दिसत नसे. म्हणून जनावरं उन्हाळ्यातच कुरणाचं गवत कापून वाळवत आणि गंज्या रचून ठेवत. कुरणाचा कुठला पट्टा कुणाचा, ते दरसाल चिठ्ठ्या टाकून ठरे. त्या पट्ट्यावर ज्याचा त्याचा हिवाळा निघे.

राजा होता अस्वल. तो हिवाळाभर झोपे. गवताला तर तोंडही लावत नसे. म्हणून गवताचा सगळा कारभार त्याच्याकडे. प्रधान कोल्हा. तोही गवत खात नसे.

त्या साली भागी गाढवीण जिवाला घोर लावून बसली होती. तिचं नातवंड, एवढंसं शिंगरू, आईवेगळं झालेलं. त्याचा हा पहिलाच हिवाळा.

कापणी झाली आणि पावसाची एक सर येऊन गेली. तेवढ्यात कोल्ह्याने दवंडी पिटली, "गुरुवारी महाराज पाहणीला येणार! ज्याची गंजी उंच, त्याच्या गळ्यात हार!"

झालं! जो तो ओलंच गवत रचायला धावला. भागीने एक पेंढी दाताखाली पिळून पाहिली. पाणी गळलं. तिने गवत पुन्हा उन्हात पसरलं.

"भागीआज्जी, रचा की!" बैल ओरडला. "महाराज काय म्हणतील?"

"ओलं गवत दाबून रचलं की आतून तापतं रे बाबा. पेटतंसुद्धा."

"ऐकलंत का? पाण्याने आग लागते म्हणे!" मेंढा हसून हसून आडवा झाला.

गुरुवारी बैलाला हार मिळाला. भागीला कोल्ह्याची बोलणी मिळाली. ती गवत उलथत राहिली. कुरकुरीत वाळलं, तेव्हाच तिने रचलं.

तीन आठवड्यांनी बैलाच्या गंजीतून धूर निघाला. मग मेंढ्याच्या. दिवस मावळेपर्यंत एकूण एक गंजी खाक. उरली एकट्या भागीची.

चौकशी बसली.

"सगळ्यांच्या पेटल्या. तुझीच कशी नाही पेटली?" अस्वलाने विचारलं.

"गवत वाळवलं होतं, महाराज."

"म्हणजे आग लागणार हे तुला ठाऊक होतं!" कोल्हा म्हणाला.

"मी सांगितलं होतं की सगळ्यांना."

"बघा, वर कबूलही करते!"

"हो, हो, सांगितलं होतं!" बैल पुढे झाला. "मी साक्षीला आहे."

भागीची गंजी जप्त झाली आणि सगळ्यांत वाटली गेली. शिंगराच्याही वाट्याला एक पेंढी आली, महाराजांची खास मदत म्हणून. भागीने ती वाकून घेतली. महाराजांनी मोठी जांभई दिली आणि ते झोपायला गेले.

तात्पर्य: गवत खुशाल नीट वाळवावं. फक्त गावाचं पेटलं की आपल्याही गंजीचा एक कोपरा पेटवून द्यावा, आणि सगळ्यांपेक्षा मोठ्याने रडावं.