चौरंगासकट जॅझ

यंदाच्या आश्विन शुद्ध दशमीस, अर्थात विजयादशमीस, दुपारच्या भोजनोत्तर निद्रेनंतर, ठाण्यातील कोलशेत येथे विश्राम धामणकर यांच्या राहत्या घरी पुढील प्रसंगास प्रारंभ झाला.

विश्राम हे सॅक्सोफोनवादक आणि स्वतःच्या बँडचे प्रमुख. शहाडची वरात, कोलशेतची हळद, टेंभी नाक्याचे नवरात्र, यांपैकी काहीच त्यांना वर्ज्य नव्हते. मनातून मात्र ते जॅझचे होते. वरातीच्या गाण्यात ते जॅझच्या दोन ओळी हळूच घुसडत, आणि नवरदेवाचा मामा हमखास ओरडे, “मास्तर, गाडी रुळावर आणा!” उभ्या कारकिर्दीत त्यांना ‘जॅझच वाजवा’ असे प्रथम म्हटले ते डोंबिवलीच्या एका रसिक मंडळाने. तो कार्यक्रम त्याच संध्याकाळी होता.

पूजलेले वाद्य दुसऱ्या दिवसापर्यंत हलवायचे नाही, हा धामणकरांच्या घरचा नियम. दसऱ्याला मिरवणुकीचे काम असतेच. म्हणून पूजेला दरवर्षी जुना, पोचे पडलेला सॅक्सोफोन बसे. यंदा तो विश्रामांनी बँडमधल्या प्रीतमला शहाडच्या मिरवणुकीसाठी दिला होता. चौरंग रिकामा पाहून मातुःश्री हौसाबाईंनी त्यावर नवा सॅक्सोफोन बसविला. विश्राम झोपेतून उठले, तेव्हा तो हळदकुंकू लेवून, झेंडूचा हार घालून, निरांजनापुढे विराजमान होता.

“आई! हा कशाला ठेवलास?”

“मग काय लाटणं ठेवू? जे पोटाला घालतं, त्याची पूजा.”

विश्रामांनी प्रीतमला फोन लावला. पलीकडून ताशा कडाडत होता. “दादा, देवी अजून नाक्यावरच आहे! आता निघालो तर मंडळवाले मलाच विसर्जित करतील!”

“आई, सरस्वतीलाच वाजवलेलं आवडतं. उचलतो मी.”

“हात लावून बघ. तुझ्या बापानं क्लॅरिनेट कधी उचलली नाही दसऱ्याला. चौरंगावरून हलवायचं नाही म्हणजे नाही.”

“अगं, आयुष्यात एकदा बोलावलंय मला!”

हौसाबाई थोड्या नरमल्या. पण चौरंगापुढून उठल्या नाहीत. तेव्हा पत्नी सरोज स्वयंपाकघरातून म्हणाली, “चौरंगावरून हलवायचं नाही ना? मग चौरंगासकट न्या.”

या युक्तिवादात खोट काढण्याचा हौसाबाईंनी प्रामाणिक प्रयत्न केला. ती सापडली नाही. बँडच्या टेम्पोत चौरंग चढला, त्याच्या शेजारी निरांजन सांभाळीत हौसाबाई चढल्या, आणि कोलशेतहून देवघर डोंबिवलीस निघाले.

सभागृहात मंडळाचे चिटणीस मुकुल हे इंग्रजी टोपी घालून स्वागतास उभे होते. चौरंग पाहताच त्यांनी टोपी काढली. मग विचार करून बूटही काढले. ते पाहून श्रोत्यांनीही चपला दाराशी सोडल्या. काहींनी चौरंगावर आपट्याची पाने वाहिली.

विश्राम मांडी घालून बसले. वाद्य चौरंगावरच टेकवून त्यांनी ते किंचित आपल्याकडे कलते केले.

“आई, एवढं चालेल?”

“कललं म्हणजे हललं नाही. पण हार काढू नकोस.”

त्यांनी डोळे मिटले आणि वाजविले. हारामुळे स्वर मऊ झाला होता. वरच्या सुराला झेंडूच्या पाकळ्या उडत होत्या. वरातीत चोरून वाजविलेल्या त्या दोन ओळी आज मनसोक्त लांबल्या. कोणी गाडी रुळावर आणावयास सांगितले नाही. त्यांनी वाद्य थांबविले.

सभागृह निःशब्द. एकही टाळी नाही. विश्रामांचा चेहरा, नाकावरच्या कुंकवासह, उतरला.

“मुकुलराव, आवडलं नाही का हो लोकांना?”

“छे! अहो, पूजा चाललीय. मध्येच टाळ्या कशा वाजवणार? आरतीची वाट बघतायत सगळे.”

हौसाबाईंनी मागे वळून श्रोत्यांकडे पाहिले. “वाजवा की! देवाला काय टाळ्यांचं वावडं आहे?”

मग ज्या टाळ्या पडल्या, त्यांनी निरांजन विझले. विश्रामांना आणखी तीनदा वाजवावे लागले.

परतताना टेम्पोत त्यांनी भीतभीतच विचारले, “आई, खरं सांग. कसं होतं जॅझ?”

हौसाबाईंनी चौरंगावरचा हार सारखा केला.

“वरातीपेक्षा बरं. मध्ये कुणी नाचायला येत नाही.”