पडलेल्या गृहस्थांची बातमी

"सभागृहात व्याख्यान ऐकताना खुर्ची मोडून गृहस्थ जखमी" एवढं उपसंपादकाने लिहिलं आणि संपादकांच्या कपाळावर आठी पडली.

"खुर्ची कुणाच्या कारखान्यातली?" त्यांनी दबक्या आवाजात विचारलं.

वर्तमानपत्र आठवड्यापूर्वीच विकलं गेलं होतं. नव्या मालकांना अजून कुणी पाहिलं नव्हतं, त्यांचा धंदाही ठाऊक नव्हता. त्यामुळे नेमकं कुणाला दुखवायचं नाही हेच कुणाला कळेना, आणि अख्खं ऑफिस एकमेकांकडे संशयाने बघत होतं. उपसंपादक तर तात्पुरता. त्याला कायम करायचं की घरी बसवायचं, हे दुसऱ्या दिवशी मालक स्वतः येऊन ठरवणार होते.

"काल आपल्याकडे दहा नव्या खुर्च्या आल्या," संपादक म्हणाले. "त्या काय उगाच? मालक फर्निचरवाले असणार, लिहून ठेव!"

उपसंपादकाने खुर्ची खोडली.

"सभागृहही त्यांचंच असलं तर?" संपादकांना नवी शंका आली.

सभागृह गेलं. पाठोपाठ फरशी गेली, दवाखानाही गेला.

"पण साहेब, मग माणूस पडला कशाने?"

"स्वतःच्या चुकीने! फुकटच्या व्याख्यानाला येऊन बसणारा माणूस. त्याचा कसला आलाय कारखाना?"

सकाळी बातमी छापून आली: 'एक लठ्ठ गृहस्थ स्वतःच्या बेफिकिरीमुळे पडले.' कुठे, कशावरून, काही नाही. संपादक सुखावले.

अकरा वाजता एक लठ्ठ गृहस्थ ऑफिसात शिरले. उजवा हात गळ्यात बांधलेला, डाव्या हातात अंक.

"मी नवा मालक. हे कुणी लिहिलं?"

संपादकांनी इतक्या चपळाईने कधी कुठलंच काम केलं नव्हतं. त्यांचं बोट थेट उपसंपादकाकडे गेलं.

"खुर्ची मोडली म्हणून पडलो मी!" मालक कडाडले. "उद्या पहिल्या पानावर छापा. बनवणाऱ्याच्या नावासकट!"

नोकरी गेलीच म्हटल्यावर उपसंपादकाला धीर आला. "छापतो, साहेब. काल बातमी छापायला गेल्यावर मी सभागृहात फोन करून विचारलं होतं. दर रविवारी आपल्याला पानभर जाहिरात देतात ना ते फर्निचरवाले, त्यांच्याच खुर्च्या त्या. या दहाही त्यांनीच पाठवल्यात. तुमच्या स्वागतासाठी."

मालकांनी अंक डोळ्यांजवळ नेऊन बातमी पुन्हा वाचली, सावकाश.

"लठ्ठ तेवढं नको होतं," ते शेवटी म्हणाले. "बाकी बरोबर आहे. मीच जरा जोरात बसलो असेन. या मुलाला कायम करून टाका."

उपसंपादकाला आनंद झाला, आणि का कोण जाणे, थोडी लाजही वाटली.

"बसा ना, साहेब," संपादकांनी लगबगीने नवी खुर्ची पुढे सरकवली.

मालकांनी ती चारही बाजूंनी निरखली, तिच्या एका पायाला हळूच बूट लावून पाहिला. मग पुढची सगळी बैठक उभ्यानेच झाली.