देवजीकाकांची जॅकेटं

देवजीकाका अजून जिवंत होते, तेव्हाच हिरामणनं त्यांच्या स्मरणार्थ जॅकेटं छापायला घेतली. यात त्याचा दोष नव्हता असं म्हणता येणार नाही, पण एकट्याचा नव्हता एवढं मात्र खरं.

झालं असं, की काकांच्या छातीत पाणी भरलं आणि डॉक्टरांनी सांगितलं, घरच्यांना बोलावून घ्या. डॉक्टरांनी एवढं म्हटलं की शिरवणे गावात माणसं पुढच्या तयारीला लागतात. काकांचा मुलगा केतन तर भलताच तयारीचा. शेजारच्या घरातल्या म्हातारीच्या उत्तरकार्याला वाटायच्या छत्र्या कार्य उरकल्यावर दुसऱ्या दिवशी आल्या होत्या, आणि सगळा गाव हसला होता. आपल्याकडे असलं काही होता कामा नये म्हणून तो हॉस्पिटलमधून थेट हिरामणच्या गाळ्यात आला. काकांची सारी हयात एपीएमसी मार्केटात कांद्याच्या धंद्यात गेलेली. तेव्हा तिथल्या हमालांना अंधारात चमकणारी सेफ्टी जॅकेटं वाटायची, पाठीवर रेडियमच्या अक्षरांत आबांचं, म्हणजे काकांचं नाव, असं त्यानं ठरवून टाकलं होतं.

"एकदा ते झालं ना दादा, की घरात पाय ठेवायला जागा नसणार," केतन म्हणाला. "तेव्हा कोण धावपळ करणार? तू आत्ताच मारून ठेव."

हिरामणची बायको अरुणा दारात उभी राहून ऐकत होती. माणूस अजून श्वास घेतोय, एवढंच ती म्हणाली आणि आत निघून गेली. बायकांचं असं वेळेवर ऐकलं असतं तर ही गोष्टच घडली नसती.

हिरामणला काका म्हणजे बापाच्या जागी. बाप गेला तेव्हा काकांनी त्याला घरात घेतलं, मोठं केलं, आणि कापडावर अक्षरं छापायची हीट प्रेस टाकायला आपल्या बिल्डिंगीतला खालचा गाळा दिला. कागद नाही, पत्र नाही, नुसता शब्द. त्यामुळे काम करताना त्याचा हात नेहमीपेक्षा नीट चालत होता. रेडियमच्या पट्टीतून अक्षरं मशीनवर उलटी कापून निघतात. ती सोलताना काय लिहिलंय ते वाचावं लागत नाही, हे त्याला त्या दिवशी बरं वाटलं. तापमान बरोबर, दाब बरोबर, वरचा कागद हलक्या हातानं काढलेला. 'कै. देवजी बामा भोईर यांच्या स्मरणार्थ.' कागद निघाला की अक्षरं सुलट व्हायची, आणि हिरामण मान फिरवून दुसरं जॅकेट घ्यायचा.

शेवटचं जॅकेट प्रेसखाली असताना केतनचा फोन आला. हिरामणनं नाव बघितलं आणि त्याला रडूच फुटलं. रडत रडतच त्यानं फोन कानाला लावला.

"रडतोस काय?" केतनचा आवाजही काही बरा नव्हता. "आबा उठून बसलेत. बोंबलाचं कालवण मागतायत."

हिरामणला इतका आनंद झाला, इतका आनंद झाला, की समोरचा पिवळाधमक ढीग त्याच्या डोळ्यांत भरायला जरा वेळ लागला. भरला तेव्हा तो मटकन खाली बसला.

काकांना मरणाचा विषय खपत नसे. एका भाडेकरूनं सहज विचारलं होतं, तुमच्या पश्चात भाडं कोणाकडे द्यायचं? त्याचं सामान त्याच संध्याकाळी रस्त्यावर आलं होतं. आता या पुतण्यानं तर त्यांचं मरण रेडियममध्ये चमकवून ठेवलेलं. गाळा जाईल याची भीती होतीच, पण काका ते वाचताना त्यांचा चेहरा कसा होईल, हे मनात आलं की हिरामणला घास गिळवेना.

त्यानं अक्षरं काढायला घेतली. पुन्हा प्रेस तापवली, तर जॅकेट वितळून पापडासारखं आकसलं आणि अक्षरं त्यावर तशीच. थिनर लावला, तर कापडाचा रंग गेला, अक्षरं राहिली. आयुष्यात एवढं पक्कं काम त्याच्या हातून कधी झालं नव्हतं. शेवटी उरलेली जॅकेटं गोणीत कोंबून त्यानं कोपऱ्यात ठेवली, पण लांबूनही दिसावं म्हणूनच जे कापड बनवलंय ते लपणार कसं? गोणीच्या विणीतनं ते पिवळं चमकत होतं.

काका घरी आले आणि वर चैन पडेना म्हणून गाळ्यात येऊन बसू लागले. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, "त्या गोनीत काय हाय रं?"

हिरामणच्या तोंडून निघून गेलं, की केतननं तुमच्या नावानं हमालांसाठी जॅकेटं करून घेतलीत. खोटं त्यात काहीच नव्हतं, फक्त अर्धंच सांगितलेलं. काकांचे डोळे भरून आले. मी पडल्यावर पोरानं माझं नाव राखलं, म्हणाले. परवा पहाटे मी स्वतः जाऊन वाटणार, असंही त्यांनी सांगून टाकलं.

मग उपाय एकच उरला. हिरामणनं कापडाच्याच रंगाच्या पिवळ्या पट्ट्या कापल्या, त्यांवर 'देवजी बामा भोईर यांची सप्रेम भेट' असं छापलं आणि जुन्या अक्षरांवर त्या चिकटवल्या. कापड पुन्हा वितळेल या धास्तीनं प्रेस जेमतेम कोमट ठेवली. दिसायला काम छान झालं. केतननं तर त्याची पाठ थोपटली.

ठरलेल्या पहाटे मार्केटात कांद्याच्या गाड्या लागल्या होत्या. काकांनी मारोती हमालाला पहिलं जॅकेट स्वतःच्या हातानं घातलं, मग बाकीच्यांना. माणसं पाया पडली, चहा झाला, आणि जो तो कामाला लागला. हमालाचं काम म्हणजे पाठीवर गोणी. गोणी चढली, घासली, उतरली. दुसरी चढली, घासली, उतरली. हिरामण बघत होता. मारोतीच्या पाठीवरची पट्टी आधी कोपऱ्यातनं उचलली, मग लोंबली, मग कांद्याच्या सालपटांत जाऊन पडली. मागोमाग बाकीच्यांच्याही गळाल्या. तेवढ्यात एक ट्रक वळला. त्याचे दिवे रांगेतल्या पाठींवर पडले, आणि सगळं मार्केट कै. देवजी बामा भोईर यांच्या स्मरणार्थ लखलखलं.

हमाल थांबले. केतन कुठेतरी गाड्यांच्या मागे नाहीसा झाला. काकांनी मारोतीच्या पाठीमागे जाऊन ओळ वाचली, खाली पडलेली पट्टी उचलून तीही वाचली.

"कोनी केलंय?"

"मी, काका." हिरामण पुढे आला. "तुम्ही गेल्यातच जमा होतात. चुकलं माझं. गाळा आजच रिकामा करतो."

काका बराच वेळ अक्षरांवरून बोट फिरवत राहिले. नखानं एक कोपरा खरवडून बघितला. तो हलला नाही.

"जित्याचं नाव दोन गोन्यांत निगालं," ते म्हणाले, "मेल्याचं चिकटून हाय." मग हिरामणकडे वळले. "तारीख नाय टाकलीस, ते बेस केलंस. राहूं दे. वाया नाय जायाची. आनि माज्या मापाचं एक दे."

त्या दिवसापासून काका रोज सकाळी स्वतःच्या स्मरणार्थचं जॅकेट घालून फिरायला निघू लागले. तुर्भ्याच्या रस्त्यावर एरवी कोणासाठी न थांबणारे ट्रकवाले पाठ वाचून ब्रेक मारायचे, आणि काका त्यांना हात दाखवून निवांत रस्ता ओलांडायचे. गाळ्याचा विषय पुन्हा निघाला नाही.

पुढच्या उन्हाळ्यात काका झोपेतच गेले. डॉक्टरांना काही सांगायची संधी मिळाली नाही, त्यामुळे तयारी कोणाचीच नव्हती. हमाल मार्केटातून थेट अंत्ययात्रेला आले, अंगावरची जॅकेटंही न काढता. मातीनं, घामानं पिवळा रंग पार मळला होता. मारोतीनं खांदा दिला, आणि हिरामण त्याच्या मागोमाग चालला. डोळ्यांसमोर पाठ होती. एकही अक्षर उचललेलं नव्हतं, आणि आता त्यात चूक काहीच नव्हती. हिरामणनं ती ओळ पहिल्यांदाच पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली. मग त्याला पुढचं काही दिसेना.