खिशावरचा डाग

ऑफिसात त्यांना ‘काटकसरे’ म्हणत आणि त्यांना तो गौरव वाटे. पेन्सिली अर्ध्या कापून वाटणारे हे हेडक्लार्क निवृत्त झाले आणि घरात कापायला काहीतरी शोधू लागले. त्यांची बायको लोकांना त्यांच्या वारलेल्या माणसांच्या कपड्यांच्या आठवणीच्या गोधड्या शिवून द्यायची. नवरा दिवसभर पायात पायात येतो म्हणून तिनं तुकडे कापायचं काम त्यांना दिलं. (हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.)

तिचा गिऱ्हाइकांना एक शब्द असे: तुमच्या माणसाखेरीज दुसऱ्या कुणाचा तुकडा लागणार नाही. कमी पडलं, तर मध्ये कोरं कापड.

“कोरं कापड केवढ्याला पडतं!” काटकसरे कळवळले.

“म्हणून काय माणसं वाढवू?”

एक बाई नवऱ्याचे मोजकेच शर्ट घेऊन आल्या. काटकसऱ्यांनी गुपचूप स्वतःचे ऑफिसचे शर्ट कात्रीखाली घातले. इतकी वर्षं ते शर्ट धुणाऱ्या बायकोनं ते ओळखलेसुद्धा नाहीत. खिशावरचा शाईचा डाग बघून ती एवढंच म्हणाली, “सगळे नवरे मेले सारखेच!” काटकसऱ्यांना ते लागलं, पण कापड वाचलं होतं.

गोधडी न्यायला बाई आल्या. हात फिरवता फिरवता त्या डागापाशी थांबल्या. काटकसऱ्यांनी कात्री पाठीमागे लपवली.

“हा डाग!” बाईंना हुंदका फुटला. “यावरून किती बोलले मी यांना! आता वाटतं, पडू द्यायला हवे होते डाग.” आणि त्यांनी तो खिसा गालाशी धरला.

बायकोनं आधी डागाकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे. सगळं तिच्या ध्यानात आलं. पण त्या रडणाऱ्या बाईला खरं सांगायला तिची जीभ रेटली नाही. बाई गोधडी उराशी धरून गेल्या.

“गिऱ्हाईक खूश झालं ना?” काटकसरे चाचरत म्हणाले.

“कापड वाचवलंत आणि माझा शब्द कापलात. आता कुठल्या तोंडानं सांगू लोकांना?”

ती पुन्हा मशीनवर बसली. काटकसऱ्यांच्या डोळ्यांपुढून मात्र तो गाल हलेना. आपल्या डागावर कुणी इतकं रडेल, असं त्यांना कधी वाटलं नव्हतं.

“अगं,” ते हळूच म्हणाले, “मी गेल्यावर माझी करशील ना गोधडी?”

तिनं मान वर केली नाही.

“कशाची? तुमच्यात रडण्याजोगं होतं तेवढं त्या बाई घेऊन गेल्या.”