नाना सुटले

मेबल सिस्टरना कोणतंही काम दुसऱ्याच्या हाती सोपवणं जमत नसे. परळच्या एका इस्पितळात पुरुषांच्या वॉर्डाच्या त्या इनचार्ज होत्या. औषधांच्या कपाटाच्या किल्ल्या त्यांच्या कमरेला. जेवणाच्या ट्रॉलीतली पेज आधी त्या चाखणार, कुणी ताप लिहून ठेवला तरी पुन्हा थर्मामीटर लावून बघणार. हाताखालच्या मुली नुसत्या उभ्या राहून कंटाळत आणि सिस्टरांची कंबर दुपारपर्यंत धरत असे. शेवटी मेट्रननी त्यांना तीन दिवसांच्या नेतृत्वाच्या प्रशिक्षणाला धाडलं.

"जूनमध्ये तू रिटायर होणार, मेबल. मग वॉर्ड कोण चालवणार? तुझा आत्मा?"

हे वाक्य सिस्टरना फार लागलं. आपण नसताना वॉर्ड चालेल ही कल्पनाच त्यांना सहन होत नव्हती, आणि चालणार नाही ही कल्पना तर त्याहून वाईट होती. प्रशिक्षणाहून परतल्या त्या सोमवारी त्यांनी मनाचा हिय्या केला आणि पहिलं काम दुसऱ्यावर सोपवलं.

चौदा नंबरच्या खाटेवरचे नाना, कॉटन ग्रीनचे जुने गिरणी कामगार, निमोनियातून बरे झाले होते. एकोणीस दिवसांत त्यांच्याकडे घरचं कुणी फिरकलं नव्हतं. मोठ्या डॉक्टरांनी सकाळीच त्यांना सोडायला सांगितलं.

"प्राची, नानांच्या मुलाला फोन कर," सिस्टर हाताखालच्या नर्सला म्हणाल्या. "सांग, नाना सुटले, न्यायला या. मी मध्ये पडणार नाही."

आणि खरोखरच त्या पाठ फिरवून नानांची दाढी करायला गेल्या.

प्राचीच्या हातात त्या वेळी एका पेशंटची सलाईनची सुई होती. तिने सुभद्रा मावशीला हाक मारली आणि फोनचं काम तिच्यावर सोपवलं. वॉर्डातली ही आयाबाई मूळची मालवणची. तिला चार दिवस सर्दी होती, त्यामुळे 'चहा झाला का' ही साधी चौकशीसुद्धा ती रडवेल्या आवाजात करत होती.

"हॅलो, परळसून इस्पितळातून बोलतंय," मावशी नाक ओढत म्हणाली. "तुमचे नाना सुटले ओ."

पलीकडे नानांचा मुलगा विनीत होता. त्याने विचारलं, "कधी?"

"सकाळीच. मोठ्या डॉक्टरांनी बघल्यानी."

"त्रास झाला का त्यांना?"

"नाय ओ. पेज पिऊन गप पडान होते. कागदां तयार आसत. न्हेवक येवा."

बारा वाजता वॉर्डाच्या दारात पांढऱ्या कपड्यांतली तेवीस माणसं उभी राहिली. खाली शववाहिनी लागली होती. कणकवलीहून दोन गाड्या सुटल्या होत्या आणि आता कुठे पोचल्या म्हणून कुणीतरी फोनवर विचारत होतं. सर्वांत पुढे सून अक्षता. तिने "नाना, आमाक टाकून खय गेलास?" असा हंबरडा फोडला आणि तोंड उघडं टाकून थांबली. समोर नाना गुळगुळीत दाढीने, धुतलेला सदरा घालून, मांडीवर पिशवी घेऊन बसले होते.

"खय नाय गेलंय," नाना म्हणाले. "हयसरच आसंय एकोणीस दिवस. पण कोण गेला?"

नानांची नजर सगळ्यांवरून फिरत विनीतच्या हातातल्या जाडजूड झेंडूच्या हारावर आली.

"आणि ह्यो हार कोणाक?"

विनीतचा चेहरा राखेसारखा झाला. मेबल सिस्टर पुढे झाल्या. त्यांना आयुष्यात खोटं बोलायची सवय नव्हती, पण ते कुणावर सोपवायला वेळही नव्हता.

"तुमच्यासाठीच, नाना. बरे झालात म्हणून सगळे न्यायला आलेत."

विनीतने हार नानांच्या गळ्यात घातला. नाना हुंदके देऊन रडले. "माका वाटला, तुम्ही माका विसरलात." मग विनीतही रडला, आणि ज्या कामाला ती तेवीस माणसं आली होती ते रडणं अखेर पार पडलं. तेवढ्यात शववाहिनीचा ड्रायव्हर वर आला. "बॉडी किधर है?" त्याने विचारलं. त्याला प्राचीने दंडाला धरून बाहेर नेलं. नाना टॅक्सीने घरी गेले.

दोन वाजता मेट्रननी बोलावलं. सुभद्रा मावशी चादरींच्या खोलीत लपली होती, प्राची दाराशी पांढरीफटक उभी होती.

"फोन कुणी केला, मेबल?"

"काम मी दिलं होतं. ते नीट पोचलं का, हे मी बघितलं नाही. खुलासा माझ्या नावाने लिहिते."

बाहेर आल्यावर प्राची म्हणाली, "सिस्टर, चूक माझी होती."

"होतीच. म्हणून आजपासून घरच्यांचे सगळे फोन तूच करायचे. दुसऱ्याला द्यायचे नाहीत."

सिस्टरना वाटलं, निदान एवढं तरी आपण शिकलो. त्या वॉर्डात आल्या तर पंधरा नंबरच्या खाटेवरचे ॲलॉयशियस अंकल नानांच्या रिकाम्या खाटेकडे टक लावून बसले होते.

"मेबल," ते हळूच म्हणाले, "माझ्या घरीपण त्या मावशीलाच फोन करायला सांग ना."

"काहीतरीच काय, अंकल! प्राची करेल."

प्राचीने त्यांच्या मुलाला, डॅरेनला, वरळीला फोन लावला. सिस्टर शेजारी उभ्या राहिल्या, पण तोंड मिटून.

"तुमचे पप्पा बरे आहेत," प्राची एकेक शब्द सुटा करून म्हणाली. "जिवंत आहेत. जेवले आहेत. तुमची आठवण काढतात."

"ओके ना मग," डॅरेनचा आवाज मोकळा झाला. "थँक्यू, सिस्टर. त्यांना सांगा, संडेला येतो."

एकही शब्द चुकला नव्हता. प्राचीने फोन ठेवला आणि हसत खाटेशी गेली. "अंकल, तो संडेला येतो म्हणाला."

ॲलॉयशियस अंकलनी मान हलवली.

"कुठल्या?" त्यांनी विचारलं.

प्राचीने सिस्टरांकडे पाहिलं. सिस्टरांनी खिडकीबाहेर.