पहिलं नाव, आठवा नंबर

"लिहून ठेवा!" असं म्हटल्याशिवाय गुणवंतराव मोहुर्ल्यांच्या तोंडून भविष्य बाहेर पडत नसे. लोक लिहून ठेवत नसत, हे त्यांचं नशीब! चंद्रपूर जिल्ह्यातल्या मूल गावच्या कॉलेजसमोरच्या आपल्या झेरॉक्सच्या दुकानात बसून त्यांनी ज्याला ज्याला निवडणुकीत पाडलं, तो तो दणदणीत मतांनी निवडून आला. 'यंदा पाण्याचा थेंब नाई' म्हणाले, त्या साली त्यांचंच झेरॉक्स मशीन टेबलावर चढवून ठेवावं लागलं.

पण व्हॉलीबॉलची गोष्ट वेगळी होती! तरुणपणी धान कापून झाल्यावर मोकळ्या बांधीत नेट लावून ते असे खेळायचे की अंधार पडल्यावर आईला काठी घेऊन यावं लागे. आता मुलगी दिव्यानी मूलच्या कॉलेजच्या संघात होती. तिच्यामागं फिरून फिरून आसपासच्या दोन जिल्ह्यांतल्या कॉलेजांचे मुलींचे सगळे संघ त्यांनी पाहिले होते. कोणाची सर्व्हिस कशी, कोणाचा स्मॅश कुठं पडतो, सगळं तोंडपाठ.

म्हणून त्या उन्हाळ्यात त्यांनी घरात घोषणा केली, "पुढच्या सीझनचे मुलींचे टॉप आठ संघ! सगळ्यांच्या आधी मी सांगतो! व्हिडिओ काढतो!"

तांदूळ निवडणाऱ्या प्रेमिलाबाईंनी मान वर केली नाही. "अजी, गॅस कधी संपन ते त सांगता येत नाई तुमाले. पोट्ट्यांचे नंबर लावाले चालले!"

गुणवंतरावांनी ते ऐकलंच नाही. त्यांच्या डोक्यात सस्पेन्स शिरला होता. टीव्हीवाले कसे खालून वर येतात, तसं आठव्या नंबरापासून सुरू करायचं आणि शेवटी पहिला नंबर फोडायचा! पहिला अर्थात मूलचा. त्यात दिव्यानीचा बाप असण्याचा काडीचाही संबंध नव्हता, असं त्यांनी स्वतःला दोनतीनदा बजावलं. दुसरा आलापल्लीचा. आणि सगळ्यात खाली, आठवा, जिवतीचा.

केस ओले करून, भांग पाडून ते मोबाईलसमोर बसले.

"तर मंडळी, सगळ्यात पहिलं नाव घेतो जिवतीच्या कॉलेजचं! काय सांगू तुमाले या पोट्ट्यांबद्दल! असा संघ मी उभ्या जन्मात पाह्यला नाई!"

इथं त्यांनी सस्पेन्ससाठी चष्मा काढला. पुसला. सावकाश नाकावर चढवला. आणि मग म्हणाले, "बॉल आला का दोनी हात वर! जसं पोलिसानं धरलं! म्हणून यांचा आठवा नंबर!"

आता जिवती आहे डोंगरावर. तिथं मोबाईलचं नेटवर्क गावात राहत नाही, टेकडीवर राहतं. कोणाला फोन लावायचा झाला तर टेकडी चढायची, बोलायचं आणि उतरायचं. कॉलेजचे खेळाचे सर, लालसू सर, कोणाला तरी फोन लावायला टेकडीवर गेले आणि त्यांना तो व्हिडिओ दिसला. 'सगळ्यात पहिलं नाव जिवतीचं' ऐकून सरांच्या अंगावर काटा आला. 'असा संघ मी उभ्या जन्मात पाह्यला नाई' ऐकून डोळ्यांत पाणी आलं. तेवढ्यात गुणवंतरावांनी चष्मा काढला आणि नेटवर्क गेलं! चष्मा हातात, तोंड उघडं, आणि मधोमध ते गोल चाक फिरत राहिलं.

पुढचं पाहायची गरजच काय होती? पहिला नंबर तर कळला! लालसू सर टेकडीवरून जे धावत सुटले ते थेट मैदानावर.

दोन दिवसांनी गुणवंतरावांचा फोन वाजला.

"मी जिवतीहून बोलून राह्यलो. लालसू सर. तुमी आमच्या पोट्ट्यांबद्दल जे बोलले ना भाऊ, ते काळजाले लागलं!"

गुणवंतरावांच्या हातातला कागद मशीनमध्ये तिरपा गेला.

"पोट्ट्या रडल्या, भाऊ!"

"अजी सर, माहा तसा उद्देश नव्हता…"

"म्हणून आमी तुमचा सत्कार ठेवला हाय! ऐतवारी या. शाल, नारळ, सगळं हाय."

फोन ठेवल्यावर गुणवंतराव भारावून गेले. आठवा नंबर दिला आणि वरून सत्कार! याला म्हणतात मोठं मन! खरं बोलणाऱ्याची कदर शेवटी डोंगरावरच! सुधारणा कशी करावी यावर त्यांनी मनातल्या मनात भाषणही तयार केलं आणि रविवारी फटफटीला किक मारली.

जिवतीत शिरताच ढोल सुरू झाला. पोरींनी ओवाळलं. कोणीतरी पाया पडलं. गुणवंतराव हसत हसत मांडवात शिरले, खुर्चीवर बसले आणि वर पाहिलं. समोर एवढं मोठं बॅनर: 'पुढच्या सीझनचा पहिला नंबर आमच्या संघाला देणारे मा. गुणवंतराव यांचे हार्दिक स्वागत!'

त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू तिथल्या तिथं वाळलं.

त्यांनी बॅनर पुन्हा वाचलं. चष्मा पुसून पुन्हा वाचलं. तोवर लालसू सरांनी त्यांच्या अंगावर शाल टाकली होती आणि हातात नारळ दिला होता. पळावं म्हटलं तर दोन्ही हात गुंतलेले!

मग कर्णधार आचल हिचे वडील उठले. इस्तारी त्यांचं नाव. कापूस पिकवणारा, उंच, हाडकुळा माणूस. माइक त्यांनी काठीसारखा घट्ट धरला.

"मी पोरीले सांगलं होतं, बॉल मारून काय भेटते? कॉलेज पुरे. घरात कापूस आला का तुहं लगन. सोयरीक बी पाह्यली होती. पण मूलचा एवढा जाणता माणूस म्हणते का हे पोट्ट्या पयल्या येतीन, त म्हणलं, थांबू बापा! एक साल खेळू द्या तिले!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. गुणवंतरावांच्या पाठीवरून घामाचा ओघळ निघाला तो कुठवर गेला ते सांगत नाही.

"आता ऐका!" लालसू सरांनी माइक घेतला. "नेटवर्कच्या भानगडीनं तो व्हिडिओ आपल्याले अर्धाच दिसला. म्हणून आचलले टेकडीवर धाडलं हाय. ते पूर्ण डाउनलोड करून आणते, मंग भोंग्यावर लावू. सगळ्या गावाले आयकू द्या!"

गुणवंतराव ताडकन उठले. "सर, जरा… पोटात… सकाळचे पोहे…"

आणि सत्कारमूर्ती शालीसकट टेकडीकडं धावत सुटले! अर्ध्या वाटेवर शाल बोरीच्या झुडपात अडकली. ती सोडवताना नारळ हातून निसटून पुन्हा पायथ्याशी गेला. कधी दोन पायांवर, कधी चार, असं करत ते माथ्यावर पोचले तेव्हा खडकावर एक उंच पोरगी बसली होती. हातात मोबाईल. व्हिडिओ संपला होता.

"आठवा नंबर, काका?" आचल म्हणाली.

गुणवंतरावांना बोलायला श्वासच नव्हता. "बाई… ते… सस्पेन्स होता."

ती हसली नाही, रागावलीही नाही. म्हणाली, "पोलिसानं धरलं म्हणता. म्हणजे आमचे हात लवकर वर जातेत काय?"

"हो." धापा टाकत का होईना, विषय व्हॉलीबॉलचा निघताच गुणवंतरावांना कंठ फुटला. "बॉल यायच्या आधीच! मंग उडी मारता तवा अंगात जोर राह्यत नाई. पाय आधी, हात मागून!"

"मंग हे आमाले आतापर्यंत कोणी काऊन नाई सांगलं? लालसू सर चांगले हायत, पण ते कबड्डीवाले."

गुणवंतराव शालीतले काटे काढायला लागले. गेल्या साली ते गॅलरीत बसून याच पोरींवर पोट धरून हसले होते.

"व्हिडिओ काढून टाका," आचल म्हणाली. "मी खाली सांगते, नेटवर्क नाई. पण मंग तुमी दर ऐतवारी यायचं. पयला नंबर सांगलाच हाय तर आता शिकवा."

व्हिडिओ काढून टाकताना गुणवंतरावांच्या जिवावर आलं. आयुष्यात एवढे लाइक त्यांना कधी मिळाले नव्हते!

खाली आले तर इस्तारी वाटच पाहत होते. "नेटवर्क नाई त नाई. सायेब, एक डाव तुमच्या तोंडानं सांगा. पयला ना?"

गुणवंतरावांनी आचलकडं पाहिलं. आचलनं जमिनीकडं पाहिलं.

"पयला!" ते ओरडले. "लिहून ठेवा!"

आणि काय सांगावं मंडळी, इथं पहिल्यांदा कोणीतरी खरंच लिहिलं! लालसू सरांनी खडू घेतला आणि कॉलेजच्या फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं. वर 'पुसू नये' अशी सूचना.

त्यानंतर गुणवंतरावांचे रविवार गेले ते गेलेच. घरी सांगायचं, "चंद्रपूरले कागद आणाले चाललो," आणि जायचं चंद्रपूर ओलांडून पार डोंगरावर! खोटं पडू नये म्हणून येताना कागदाची खोकी आणावीच लागत. दुकानात खोक्यांची चळत छताला टेकली.

"एवढ्या कागदावर काय आख्ख्या जिल्ह्याचं झेरॉक्स काढता?" प्रेमिलाबाई विचारायच्या.

"भाव वाढणार हाय कागदाचा!"

"तुमी म्हणता म्हणजे उतरणार."

जिवतीचं मैदान उताराच्या कडेला. बॉल बाहेर गेला की थेट खालच्या वावरात. तो आणायचं काम कोच म्हणून गुणवंतरावांचं. पाय आधी, हात मागून, असं ओरडून ओरडून त्यांचा घसा बसला. एकदा आचलचा स्मॅश त्यांच्या नाकावर बसला आणि ते घरी टोमॅटोसारखं नाक घेऊन आले.

"काय झालं, बाबा?" दिव्यानीनं विचारलं.

"एस.टी.च्या दाराले आपटलो."

"तुमी त फटफटीनं गेले होते ना?"

"म्हणूनच आपटलो!"

पण नाक सुजलं त्या दिवशी गुणवंतराव मनातून हवेत होते. काय तो स्मॅश! पोरगी हवेत गेली, क्षणभर तिथंच थांबली आणि मग हात आला! दिव्यानीला सांगावंसं वाटत होतं, पण सांगणार कोणत्या तोंडानं? दिव्यानी तर मैत्रिणींना सांगत फिरत होती, "बाबानं आमाले पयला नंबर देला! लाज राखाले पाह्यजे!" म्हणजे आता पहिले नंबर दोन झाले होते, आणि दोन्हींचा बाप एकच!

सीझन आला. चंद्रपूरला स्पर्धा भरली. जिवतीच्या पोरींनी पहिलीच मॅच मारली. लोक म्हणाले, नशीब. दुसरी मारली. लोक उठून उभे राहिले. सेमीफायनलमध्ये त्यांनी आलापल्लीला असं लोळवलं की गुणवंतराव खुर्चीवर चढून नाचले आणि खुर्ची मोडून खाली आले. शेजारी बसलेल्या प्रेमिलाबाईंना त्यांनी सांगितलं, "खेळाचा आनंद! बाकी काई नाई!"

आणि फायनलला कोण? मूल विरुद्ध जिवती!

गुणवंतरावांनी ठरवलं, आज तोंडच उघडायचं नाही. रुमालाचा बोळा करून तोंडात धरला. दिव्यानीनं सर्व्हिस मारली की छाती फुगायची. आचलनं परत मारली की आणखी फुगायची. पाचव्या सेटपर्यंत रुमाल चावून चिंध्या झाल्या. शेवटी मूलला एक पॉइंट हवा होता. बॉल नेटवर उंच उठला. आचल धावली. पाय आधी, हात मागून! असा कडाडून स्मॅश की धूळ उडाली. बॉल रेषेजवळ पडला.

पंचानं हात वर केले. बाहेर!

मूल जिंकलं. पोरींनी मैदानावर एकमेकींच्या अंगावर उड्या घेतल्या. त्या गर्दीत कोणाचं लक्ष नसताना गुणवंतराव धोतर सुटल्यासारखे पंचाकडं धावले, काहीबाही बडबडले, हातवारे केले, आणि शेवटी कडेला येऊन चक्क रडायला लागले.

समोर इस्तारी उभे होते. गुणवंतरावांना वाटलं, आता हा माणूस गचांडी धरणार.

"दुसरा आला," इस्तारी म्हणाले. "तुमी त पयला म्हणले होते."

"चूक झाली, भाऊ."

"होय, झाली. पोट्टी खेळली मातर भल्ली!" इस्तारींनी घसा साफ केला. "पाहुण्याले सांगून टाकलं, लगनाचं मंग पाहू. पुढच्या सालचं काय म्हणता?"

गुणवंतरावांनी ओल्या डोळ्यांनी वर पाहिलं. "खेळू द्या."

एवढ्यात दिव्यानी धावत आली आणि तिनं बापाला मिठीच मारली. गळ्यातलं पदक काढून त्यांच्या गळ्यात घातलं. "बाबा! तुमचा अंदाज खरा झाला! जन्मात पयल्यांदा! आणि तुमी माह्यासाठी एवढे रडले!"

मैत्रिणींनी टाळ्या वाजवल्या. मूलहून आलेल्या दुकानाशेजारच्यांनी फोटो काढले. कोणीतरी हार घातला. गुणवंतराव हुंदके देत मान हलवत राहिले. हो म्हणावं तर खोटं, नाही म्हणावं तर घरी जेवण नाही.

दिव्यानी परत मैदानाकडं पळाली. प्रेमिलाबाई शांतपणे जवळ आल्या. पदरानं त्यांनी नवऱ्याचं नाक पुसलं.

"पोरीसाठीच रडून राह्यले ना, अजी?"

"मंग! बाप हाय मी!"

"हो ना. मंग 'बॉल आतमधी होता, आतमधी होता' म्हणून त्या पंचाची कॉलर काऊन धरली होती?"